समासातली पेन्सिल पुसू नका

संपादक महोदय,

एखादे लेखक गेले की त्यांची पुस्तकं लायब्ररीला दिली जातात आणि देण्याआधी कुणीतरी खोडरबर घेऊन समासातली पेन्सिल पुसत बसतं, का तर पुस्तक स्वच्छ दिसावं. मी स्वतः एका लायब्ररीत शिकाऊ असताना हे काम केलंय, आज आठवलं की जीव तुटतो. एका पानावर पाच-सहा ओळींना उभी रेघ होती, शेजारी बारीक अक्षरात दोन-तीन शब्द, मी न वाचताच पुसले. नंतर पान दिव्यापाशी तिरकं धरलं तर पेन्सिल दाबल्याची खाच दिसत होती, पण अक्षर लागेना.

लेखक मुलाखतीत आवडती पुस्तकं सांगतात ते ठीक, पण ते खरं कसं वाचायचे हे समासातच कळतं. कुठे थांबले, कुठे भांडले, पहिल्या साठ पानांत खुणाच खुणा आणि पुढे एकही नाही म्हणजे बहुतेक तिथेच पुस्तक सुटलं (बहुतेकच, कारण कोरं पान म्हणजे न वाचलेलं असं छातीठोक नाही सांगता येत, आणि पुस्तक जुन्या बाजारातलं असेल तर आधीच्या मालकाचं अक्षर पण निघू शकतं). डार्विनचं बघा, त्याच्या उरलेल्या १४८० पुस्तकांपैकी ७३० मधे भरपूर नोंदी आहेत, मागच्या कोऱ्या पानांवर तो कामाच्या पानांचे नंबर लिहून ठेवायचा, जड पुस्तक धरायला त्रास होतो म्हणून सरळ मधून फाडून दोन भाग करायचा! हा माणूस पुस्तक शोभेला ठेवत नव्हता, वापरत होता. अमेरिकन कादंबरीकार मेलव्हिल १८९१ मधे गेला आणि त्याची बरीच पुस्तकं विकली गेली. 'मॉबी-डिक' ही देवमाशाच्या शिकारीची कादंबरी लिहिताना वापरलेल्या देवमाशांवरच्या एका पुस्तकातल्या त्याच्या खुणा कुणीतरी पुसल्या होत्या, त्यातल्या काही अभ्यासकांनी कागदावरच्या पुसट अवशेषांवरून मोठ्या कष्टाने परत वाचल्यात.

म्हणून लायब्ररीवाल्यांना कळकळीची विनंती आहे, नोंदी असलेली प्रत 'खराब' म्हणून काढून टाकू नका, कॅटलॉगमधे तसं लिहा, आणि बाइंडिंगला देताना कडा कापू देऊ नका, त्यात अर्धे शब्द जातात. घरच्यांनीही आत ठेवलेल्या चिठ्ठ्या, तिकिटं ज्या पानात आहेत त्याच पानात राहू द्यावीत.

आपली,
एक वाचक