काँगच्या ग्रामस्थांचे जाहीर आभार

आयर्लंडमधील मेयो परगण्यातल्या काँग या छोट्याशा गावाची आमच्या मराठी मंडळाच्या मुलांना आपुलकीने ओळख करून देणाऱ्या सर्व ग्रामस्थांचे आम्ही पालक मनःपूर्वक आभार मानतो. नावे प्रसिद्ध करू नयेत, या त्यांच्या इच्छेचा मान राखून ती येथे दिलेली नाहीत.

ज्या मठात आयर्लंडचा राजा रोरी ओ'कॉनर याने आयुष्याची अखेरची वर्षे काढली आणि ११९८ मध्ये देह ठेवला, त्या मठाचे अवशेष एका बाईंनी मुलांच्या कलाने, न कंटाळता दाखवले. नदीवर बांधलेल्या मठवासीयांच्या मासेमारीच्या खोलीत जमिनीला झरोका आहे. मासा गळाला लागला की स्वयंपाकघरात घंटा वाजत असे, ही दंतकथा ऐकल्यावर मुले तेथून हलेनात.

विशेष ऋण आहे ते कोरड्या कालव्याकाठी मुलांना घेऊन गेलेल्या आजोबांचे. बटाट्याचे पीक बुडाल्याने आयर्लंडमध्ये पडलेल्या महादुष्काळात उपाशी लोकांना मजुरी मिळावी म्हणून मास्क आणि कॉरिब या सरोवरांच्या दरम्यान हा कालवा खोदण्यात आला. परंतु सच्छिद्र चुनखडीच्या खडकात पाणी ठरेना. आजोबांनी हे सांगताना कोणाची बाजू घेतली नाही, की मुले लहान म्हणून उपासमारीचा उल्लेखही टाळला नाही. बाहत्तरच्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे ऐकून माहीत असलेल्या आम्हा पालकांना त्याचे मोल अधिकच जाणवले.

पावसात भिजलेल्या मुलांना आपल्या घरी चहा देऊन त्यांचे मोजे शेगडीपाशी वाळत घालणाऱ्या आजींचेही शतशः आभार.