तुम्हाला सांगायचं राहिलं होतं ते

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईने विषय जेवणावर नेला असता, म्हणून लिहिते आहे. मी नोकरी सोडली. सप्टेंबरपासून केनिंग्टनच्या सिटी अँड गिल्ड्स ऑफ लंडन आर्ट स्कूलमध्ये लाकडातलं कोरीवकाम शिकते आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, म्हणजे माझं कायमचं घरी येणं तेवढं पुढे गेलं. बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती, त्या दिवसांत हा विचार तुमच्या डोक्यात नको होता.

पैशांचं आधी. फी मी साठवलेल्यातून भरली, कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही. आठवड्यातले दोन दिवस जुनंच काम घरून करते. तुमच्या औषधांचे आणि सुमनमावशींच्या पगाराचे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेलाच येतील. त्यात काहीही बदल होणार नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, एवढं शिकवलं ते पटाशी धरायला का? तुम्ही कष्टाने शिकवलंत म्हणूनच हे निवडायची ताकद माझ्यात आली. आणि पटाशीचं म्हणाल तर अण्णांच्या पटाश्यांच्या पेटीपाशी मी किती वेळ बसायची ते तुम्हाला माहीत आहे. दिवाळीआधी आई मला ब्रश देऊन देव्हाऱ्याच्या कमानीवरची धूळ काढायला बसवायची, आठवतं? सागवानातल्या त्या वेलीचं प्रत्येक पान मला बोटांनी पाठ आहे.

सध्या माझ्या बाकावर ग्रीकांचं पान आहे, अकँथसचं. झाड भूमध्य समुद्राकाठचं, पण आपल्याला अगदीच परकं नाही. आई, तुझी अबोली, कोरांटी आणि परसातला अडुळसा, सगळी त्याच कुळातली. आणि बाबा, खाजणात उतरलं की पोटऱ्या ओरबाडणारी मारांडी तर खुद्द अकँथसच, फक्त जात वेगळी.

व्हिट्रुवियस नावाच्या रोमन वास्तुकाराने या पानाची गोष्ट लिहून ठेवली आहे. करिंथ शहरात एक मुलगी वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या आणि खराब होऊ नयेत म्हणून वर कौल झाकलं. टोपली नेमकी अकँथसच्या मुळावर आली. वसंतात पानं तिच्याभोवतीने वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून त्यांची टोकं बाहेर वळली. कॅलिमाकस नावाच्या शिल्पकाराने ते पाहिलं आणि खांबाच्या माथ्यावर तसंच कोरलं. गोष्ट खरी की रचलेली, कोण सांगणार, पण ते कौल झाकणं वाचलं की मला आईच आठवते.

अथेन्समध्ये लिसिक्राटीसचं स्मारक आहे, इ.स.पू. 334 च्या सुमाराचं. त्याच्या खांबांवर ही पानं आहेत. स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघा वास्तुकारांनी तिथे जाऊन मापं घेतली, चित्रं काढली आणि ती 1762 मध्ये लंडनला छापली. त्यानंतर ग्रीक पद्धतीची नक्षी इथल्या घरांत शिरली. दगडातलं पान लाकडात आणणं मात्र सोपं नाही. दगडाला तंतूंची रेघ नसते. लाकडाला असते, आणि पटाशी रेघेच्या उलट गेली की पानाचं टोक उचकटून हातात येतं. रोमनांचं पान गोलसर आणि मऊ, ग्रीकांचं टोकदार, त्यामुळे टोकं जपण्यातच सगळा जीव जातो. आम्ही लिंडनचं लाकूड वापरतो. फिकट, एकसारखं, आडवं कापलं तरी शहाण्यासारखं वागणारं. आधी दात-शिरा काहीच नाही, नुसती अख्ख्या पानाची लाट काढायची. मग पाकळ्या, म्हणजे पानाचे मोठे भाग, वेगळ्या करायच्या. दोन पाकळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे एक बारीक डोळा, म्हणजे छोटंसं भोक, ठेवायचा आणि त्याच्यापासून देठापर्यंत उंचवटा निमुळता करत न्यायचा. तो मधे कुठे तुटला तर पान मेल्यासारखं दिसतं. शिरा सगळ्यात शेवटी. पॉलिशपेपर लावायचा नाही. धारेचा काप जसाच्या तसा ठेवला की त्याच्या कडेवर उजेड थांबतो.

काम मिळेल का, हा प्रश्न रास्त आहे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला 1986 मध्ये आग लागली, त्यात ग्रिनलिंग गिबन्स या जुन्या नामवंत कारागिराचं लाकडी कोरीवकाम जळालं आणि ते पुन्हा कोरणारा माणूस शोधावा लागला. 1992 मध्ये विंडसरचा किल्ला पेटला, तिथेही कोरणाऱ्यांना बोलवावं लागलं. जुनी घरं, चर्चं, चौकटी इथे सतत दुरुस्त होत असतात आणि हे काम हातानेच करावं लागतं. मोठा पगार मिळणार नाही, पण पोट भरेल.

आई, बोटांची काळजी करू नकोस. लाकूड शिकंज्यात आवळलेलं असतं, दोन्ही हात पटाशीवर असतात आणि धारेपुढे हात न्यायचाच नाही हा इथला पहिला नियम. खोली उबदार आहे, कुकर आहे, सकाळी पोहे करून खाते. मेतकूट संपत आलंय, तेवढं पाठव.

आता तुम्ही ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून एकदाही चुकवायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबायची. संध्याकाळी चालायला काठी घेऊन जा, लोकांनी पाहिलं तर पाहू दे. आई, तू स्टुलावर चढून माळा आवरणं आजपासून बंद. न्हाणीघरात रबराची मॅट आणि हाताला धरायला दांडा लावायचाय, सुताराला मी फोन केलाय, तो शनिवारी येईल, त्याला "नंतर बघू" म्हणून परत पाठवू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरातच करून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. तरी मी येतेच आहे, नाताळच्या सुट्टीचं तिकीट काढलंय. त्या आठवड्यात डोळ्यांत थेंब मीच घालीन.

अण्णांची पेटी कुणाला देऊ नका. पटाश्यांना गंज धरला असेल तर घासू नका, शिलाई मशीनचं तेल लावून कापडात गुंडाळा. त्यातली लाकडी मुठीची सर्वांत अरुंद पटाशी मला इथे हवी आहे, येईन तेव्हा घेऊन जाईन.

राग आला असेल तर बोला, गप्प राहू नका. रविवारी सकाळी तुमच्या दहाला फोन करते, दोघंही जवळ बसा.

तुमची,
मनू