चिऊ, लॅटिन बदलायचं राहू दे

चिऊ,

तू झोपलीस म्हणून लिहून ठेवतोय, नाहीतर सकाळी बसच्या गडबडीत तू माझं अर्धंच ऐकतेस आणि उरलेलं अर्धं कानातल्या त्या एअरपॉडमध्ये जातं. आज तुझ्या शाळेत बॅक टू स्कूल नाइटला जाऊन आलो, आईचा कॉल लांबला त्यामुळे एकटाच. तुझंच टाइमटेबल हातात देतात आणि म्हणतात चला, प्रत्येक तासाला दहा मिनिटं, बेल वाजली की पुढच्या वर्गात पळा. सायन्सच्या विंगमध्ये मी दोनदा चुकलो, दुसऱ्यांदा तर थेट मुलींच्या लॉकर रूमच्या दारात पोचलो, तिथून एका सीनियर मुलीने हसू दाबत मला बायोलॉजीत नेऊन सोडलं. आणि ते तुमचे बाक! खुर्ची आणि टेबल एकाला एक जोडलेलं, माझं पोट मध्ये अडकलं ते अडकलंच.

तुला माहितीये, या शाळेला माझा विरोध होता. आई नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तिला काहीच वाटलं नाही, उलट आपल्या ट्रेनच्या लाइनवर कॉन्व्हेंट स्टेशन नावाचं स्टेशन आहे हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती डब्यात मोठ्याने हसली होती. (ते नाव खरंच तिथल्या सिस्टर्सच्या कॉन्व्हेंटवरून पडलंय.) मी वाईच्या मराठी शाळेतला, मला वाटायचं की कॅथलिक शाळा म्हणजे सिस्टर, छडी आणि प्रार्थना. आईच्या वेळी मुख्याध्यापिका सिस्टर, गणिताला सिस्टर, शिवणालासुद्धा सिस्टर. तुझ्याकडे मी अख्ख्या संध्याकाळी एकच सिस्टर पाहिल्या, लायब्ररीच्या दाराशी, लिंबू सरबत वाटत होत्या. बाकी सगळे संसारी लोक, एक सर तर तान्ह्या पोराला छातीशी बांधून शिकवायला उभे. त्या सिस्टरच म्हणाल्या की 1960च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत चारातले तीन शिक्षक सिस्टर, ब्रदर नाहीतर फादर असायचे, आता शंभरात तीनसुद्धा नाहीत.

थिऑलॉजीची, म्हणजे धर्माच्या तासाची, मला धास्ती होती, चारही वर्षं कंपल्सरी म्हटल्यावर जरा घाबरलोच होतो. मॅडमना सरळ विचारलं, आम्ही हिंदू, मुलीने मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, काय करायचं? म्हणाल्या बसायचं, ऐकायचं, कम्युनियन, म्हणजे त्यांचा प्रसाद, घ्यायचं नाही, वाटलं तर हात छातीवर क्रॉस करून पुढे जायचं, फादर आशीर्वाद देतात. एवढंच. मग बायोलॉजीत मी डार्विनचं विचारलं आणि तुझे सर माझ्याकडे असं बघायला लागले जणू मी शंभर वर्षांपूर्वीचा माणूस. उत्क्रांती पूर्ण शिकवतात, आणि 1996 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः लिहिलंय की ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही. वर भिंतीवरच्या मेंडेलकडे बोट दाखवलं. वाटाण्याचे प्रयोग करणारा मेंडेल मठातला साधू होता हे मी दहावीला वाचलं होतं, पण परीक्षेत तीनास एक लिहिलं की मार्क मिळायचे, साधूचं कोण लक्षात ठेवतंय.

मॅथ ठीक. प्रूफ लिहायला लावतात, चांगलं आहे, माझी तक्रार नाही. इंग्लिशच्या मॅडम फार भरभर बोलतात.

आता मुद्द्याचं. लॅटिन. गेले तीन आठवडे मी तुझ्या मागे लागलोय की ते सोड आणि स्पॅनिश घे, न्यू जर्सीत दुकानात, दवाखान्यात, गॅस स्टेशनवर रोज कानावर पडते ती भाषा, आणि लॅटिन बोलणारा माणूस आहे कुठे. अ‍ॅड-ड्रॉपचा फॉर्मसुद्धा मीच प्रिंट करून आणला. शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

वर्गात गेलो तर प्रत्येक बाकावर एक कार्ड ठेवलेलं, तुम्ही मुलींनी आईबापांसाठी लिहिलेलं. तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. ‘पातेर मेउस इन सेल्ला सेदेत.’ पातेर वाचल्यावर मला आधी पितरच दिसले, त्यात सध्या पितृपंधरवडा चालू, म्हटलं पोरीने जिवंतपणीच पान वाढलं की काय! मॅडम म्हणाल्या, माझे बाबा खुर्चीत बसलेत. मी पाहिलं, क्रियापद शेवटी, आपल्या मराठीसारखं. आणि ते सेदेत, ते आपलं सीदति. पितृ तो पातेर. मातृ ती मातेर. अग्नी तो इग्निस, सप्त ते सेप्तेम. मी हे मोठ्याने बोललो असणार कारण मॅडमनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, तुम्ही संस्कृत शिकलाय का?

शिकलोय म्हणजे दहावीला घेतलं होतं, शंभर मार्कांचं, कारण स्कोअरिंग. सर आत आले की पहिलं वाक्य, ‘देव शब्द चालव.’ आठ विभक्त्या, तीन वचनं, चोवीस रूपं, एका दमात. परीक्षा झाली आणि जूनपर्यंत सगळं विसरलो, 94 मार्क तेवढे राहिले. कुणी सांगितलंच नाही की हे सगळं दूर युरोपातल्या भाषांशी भाऊबंदकीत आहे. तुझ्या मॅडमनी सांगितलं, विल्यम जोन्स नावाच्या जज्जाने 1786 मध्ये कलकत्त्याला उभं राहून म्हटलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात. मग त्यांनी आम्हा सगळ्या आईबापांना शब्द चालवायला लावला, पुएल्ला, पुएल्लाइ, पुएल्लाइ, पुएल्लाम, म्हणजे मुलगी. त्यांच्याकडे द्विवचन नाहीच, सुटलात. शेजारचा एक धिप्पाड आयरिश बाप डोळे मिटून म्हणत होता, मला आमचा वाईचा वर्ग आठवला आणि घसा जरा भरून आला, हे आईला सांगू नकोस.

बेल वाजल्यावर मी मागे थांबलो. लँग्वेज डिपार्टमेंटमध्ये स्पॅनिशला चार जण आहेत, फ्रेंचला एक, आणि लॅटिनचं डिपार्टमेंट म्हणजे त्या एकट्याच. तुमच्या वर्गात अकरा मुली. दरवर्षी दोन-तीन गळतात, बहुतेक घरून सांगतात म्हणून, आणि आकडा फार खाली गेला की पुढच्या वर्षीचा वर्ग भरतच नाही. त्यांना माहीत नव्हतं की घरून सांगणारा समोरच उभा आहे, फॉर्म खिशात घालून. मी काही बोललो नाही. लाज वाटली म्हण.

तर तो फॉर्म फाडलाय. स्पॅनिश तुला वाटलं तर उन्हाळ्यात बघू, मीही येईन क्लासला, तोपर्यंत रविवारी मला ती रूपं म्हणून दाखव, मी संस्कृतची म्हणतो, आठवतील तेवढी. रामः रामौ रामाः पर्यंत नक्की येतंय, तृतीयेला गाडी अडकते.

डब्यात थालीपीठ आहे. लोणचं वेगळ्या डबीत, झाकण घट्ट लाव, मागच्या वेळी जिऑमेट्रीच्या वहीला तेल लागलं ते मॅथच्या मॅडमनी आज मला उघडून दाखवलं.

पातेर तुउस
(बरोबर आहे ना? चुकलं असेल तर लाल पेनने दुरुस्त करून फ्रिजवर लाव.)