चित्रं माडीवर न्या

व्हँकुव्हर, १४ फेब्रुवारी

ती. स्व. काका आणि काकू यांना शि. सा. न. वि. वि.

कोल्हापूरच्या चित्रकारांची तुमच्याकडची चाळीस चित्रं लोकांसाठी खुली करायचा बेत कळला. बेत उत्तम, फक्त वाड्याच्या तळमजल्यावरच्या सोप्यात नको. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ साली कुठवर आलं होतं, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

इथून उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर व्हिसलर आहे. तिथलं ऑडेन आर्ट म्युझियम म्हणजे तुमच्यासारख्याच एका जोडप्याचा संग्रह, अर्थात पैसा बराच जास्त. मायकेल ऑडेन आणि योशिको करासावा यांनी ब्रिटिश कोलंबिया या एकाच प्रांतातली कला जमवली आणि २०१६ साली ती लोकांसाठी खुली केली. जागा मिळाली ती ओढ्याच्या पूररेषेत. म्हणून पॅटकाऊ आर्किटेक्ट्सनी अख्खी इमारत जमिनीपासून एक मजला उचलून खांबांवर ठेवली आणि बर्फ घसरून जावा म्हणून छप्पर उतरतं केलं. आधी पाण्याचा विचार, मग भिंतींचा. एकाच प्रांताला धरून राहिल्याचा फायदाही तिथे दिसतो. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचे जुने मुखवटे आणि जेम्स हार्ट या हैदा जमातीच्या शिल्पकाराचा लाल सीडरच्या लाकडात कोरलेला, काठाने सामन मासे असलेला नृत्यासाठीचा भव्य लाकडी पडदा एकाच छताखाली बघता येतात, आणि नवं काम कुठून आलं ते पाटी न वाचता कळतं. तेव्हा रिकामी भिंत भरायला मुंबईहून काही आणू नका.

वाड्यात माडीवरची, वर माळा असलेली खोली निवडा. थेट कौलांखालची नको, कारण पूर टळला तरी गळती आहेच. मे महिन्यात कौलं चाळून घ्या. तुळयांना वाळवी नाही ना, हे सुताराकडून टोकरून बघून घ्या, आणि तो किती म्हणेल तितकीच माणसं एका वेळी वर सोडा. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, पोपडा घेऊन बाहेर येतो. म्हणून तुळईच्या खाली लाकडी पट्टी बोल्टने बसवा आणि प्रत्येक चित्र दोन स्वतंत्र तारांवर सोडा. एक तुटली तरी दुसरी धरते. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर. पश्चिमेच्या, पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर काहीही लावू नका. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकला की बुरशी धरायला लागते, आणि कोल्हापूरच्या जुलैत तो त्याहून कितीतरी वर असतो. एसी दिवसा चालवून रात्री बंद करणं सगळ्यात वाईट: कागद आणि लाकूड रोज आकसतं, रोज फुगतं. त्यापेक्षा हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घ्या, त्याची नळी मोरीत सोडा आणि ते रात्रंदिवस चालू ठेवा. तेही जमणार नसेल तर जून ते सप्टेंबर प्रदर्शन सरळ बंद.

उजेडाचं गणित वेगळं. तो साचत जातो. जलरंगाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुरे. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,२०,००० लक्स-तास होतात. तेच चित्र खिडकीजवळ ५०० लक्समध्ये टांगलं तर ३० दिवसांतच तेवढा उजेड खाऊन बसतं. उडालेला रंग परत येत नाही. खिडक्यांना जाड मांजरपाटाचे पडदे लावा, दिवे एलईडी घ्या आणि पाहुणे नसताना विझवा. तैलरंगाला २०० लक्स चालतात, पण तो कशावर काढलाय ते आधी बघा. ऑडेन संग्रहात ब्रिटिश कोलंबियाच्याच चित्रकार एमिली कार यांची बरीच चित्रं आहेत. १९३० च्या दशकात त्या तैलरंग पेट्रोलने पातळ करून साध्या, स्वस्त मनीला कागदावर रंगवत. असा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. त्याला तैलचित्र म्हणून भागत नाही, कागदासारखंच जपावं लागतं.

फ्रेमवाल्यावर सोडू नका. तो सेलोटेप लावेल नाहीतर फेविकॉल. दोन्ही डाग पाडतात आणि काढताना कागद घेऊन निघतात. माउंट बोर्ड, म्हणजे चित्राच्या मागे आणि भोवती बसवायचा जाड पुठ्ठा, आम्लरहितच आणा. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी लटकवायचं, म्हणजे हवेबरोबर त्याला हलता येतं. चिकटवायला खळ, पण मैद्याची नको, त्यातल्या चिकट भागावर कसर येते. काकू, तुम्ही कुरडयांचा चीक काढाल त्यातला वाटीभर वेगळा ठेवा. आंबूस वास जाईपर्यंत चार-पाच वेळा स्वच्छ पाणी बदला. खाली बसलेल्या एक भाग चिकाला पाच भाग पाणी घालून मंद आचेवर २० ते ३० मिनिटं सतत ढवळत शिजवा, गार करा, गाळा. मीठ अजिबात नाही! फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते.

काच चित्राला टेकता कामा नये. माउंटची जाडी मध्ये हवी. पावडर शेडिंगच्या, म्हणजे कोरडी रंगपूड कागदावर चोळून काढलेल्या चित्रांना ॲक्रिलिकची काच मुळीच नको. पुसताना तिच्यात स्थिर वीज येते आणि ती सुटी पावडर ओढून घेते. तिथे साधी काचच बरी. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या घराच्या संग्रहालयात पावडर शेडिंगची चित्रं आहेत. ती कशी मांडलीत ते एकदा बघून या.

वहीत प्रत्येक चित्राला क्रमांक द्या. तोच माउंटच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको. समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो आधीच्या डागांसकट काढा, नाहीतर पुढे डाग जुना की नवा यावर वाद होतो.

फ्रेमवाल्याला माप द्यायच्या आधी एक आर्द्रतामापक आणून माडीवर आठ दिवस ठेवा. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री दहाचे आकडे लिहून पाठवा. ते बघून कोणत्या भिंती वापरायच्या ते कळवतो.

आपले,
आम्ही दोघे