बत्ती खाली ठेवायला लावलीत, काका!

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

लाकडी दस्त्यात रायफलची अ‍ॅक्शन (गोळी भरून डागणारा धातूचा भाग) खुळखुळू लागली, की इथे अमेरिकेत घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्याला गॅसच्या बत्तीनं (ब्लोटॉर्चनं) धातू तापवायचा मोह होतो. तुम्ही आमचा हात धरलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

रिसीव्हर, म्हणजे अ‍ॅक्शनचा मुख्य सांगाडा, का तापवायचा नाही, हे तुम्ही 1903 च्या स्प्रिंगफील्ड रायफलवरून समजावलंत. घडाईच्या वेळी पोलादाचा रंग नजरेनं जोखत. लख्ख उन्हात तेच पोलाद कमी तापलेलं दिसे. काही रिसीव्हर जळून ठिसूळ झाले आणि 8,00,000 खालच्या क्रमांकांवर कायमचा संशय बसला. सरकारी शस्त्रशाळेतल्या मुरलेल्या लोहारांची नजर फसली, तिथे गॅरेजमध्ये आपली काय कथा! माउझर रायफलचा रिसीव्हर तर वरून कडक, आत मऊ. त्यावर निळी झाक आली म्हणजे 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलात; कडकपणा उतरला. मग बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे उंचवटे) रिसीव्हरमधल्या आपल्या बैठकीत खळगे पाडतात, हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसामागची मोकळीक) वाढते आणि काडतूस बुडाशी फाटतं.

खरा दोष बहुधा दस्त्यात. लाकूड आकसतं, स्क्रूखाली दबतं, तेल पिऊन भुसभुशीत होतं. खडूची भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लावायची, सुकली की ड्रायरनं हलकं शेकायचं. तेल भुकटीत उतरतं. (अ‍ॅसिटोन उडून गेल्याशिवाय ड्रायर लावायचा नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत.) मग स्क्रूच्या भोकांत धातूच्या नळ्या आणि अ‍ॅक्शनखाली एपॉक्सी. रिकॉइल लगच्या (बाराचा धक्का दस्त्यावर टेकवणाऱ्या उंचवट्याच्या) पुढे, खाली आणि बाजूंना टेप; मागची बाजू उघडी, कारण धक्का तिथेच टेकतो. अ‍ॅक्शनला सगळीकडे मेण चोपडायचं, खाचाभोकं मॉडेलिंग क्लेनं बुजवायची. एक खाच राहिली तरी एपॉक्सी तिथे अडकतं आणि अ‍ॅक्शन दस्त्यातच रुतते. अशा वेळीही बत्ती नको. रिकामी रायफल रात्रभर डीप फ्रीझरमध्ये. धातू लाकडापेक्षा जास्त आकसतो आणि हलक्या ठोक्यानं सुटतो.

धातूवर उष्णता फक्त एके ठिकाणी चालते, हेही तुम्हीच दाखवलंत: लॉकटाइटनं (आट्यांत लावायच्या गोंदानं) धरलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंगचं टोक मिनिटभर.

चोवीस तासांनी तुमची चाचणी: बोट बंदुकीची नळी (बॅरल) आणि दस्त्याच्या सांध्यावर ठेवून पुढचा स्क्रू ढिला करायचा. नळी उचलल्यासारखी वाटली, तर एपॉक्सीची बैठक पुन्हा करायची.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे शस्त्र अधिनियम 1959 नुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा काम परवानाधारकाकडेच द्या.

काका, आमचे रिसीव्हर तुमच्यामुळे शाबूत आहेत.

तुमचे ऋणी,
शनिवारच्या रेंजवरची मंडळी