भातमळणीचे यंत्र बांधापर्यंत पोचू द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, गोवा राज्य, यांस सादर नमस्कार.

मळणीचे यांत्रिकीकरण म्हटले की बोलणे कंबाईन हार्वेस्टर या कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या मोठ्या यंत्रावरच येऊन थांबते. सुक्या, सलग शेतात तो कामाचा आहेच. पण खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतातल्या, ओलीत तो रुततो, बांध ढासळवतो. चार गुंठ्यांच्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) त्याचा निम्मा वेळ वळण्यात जातो आणि भाडे मात्र तासावर. उंच वाढून लोळलेले कोरगूट हे खाजनातले पारंपरिक भात त्याला धड उचलत नाही. पेंढ्याचा चुरा होतो तो वेगळाच; गोठा असलेल्यांना विचारा.

अशा शेतांना हवे तारेच्या कड्या बसवलेल्या ड्रमचे छोटे यंत्र. पेंढी हातात घट्ट धरून लोंब्या तेवढ्या ड्रमवर टेकवायच्या, एकदा उलटवायची. दाणा खाली, पेंढा अखंड हातात. पायडलने माणूस लवकर थकतो, म्हणून एक अश्वशक्तीची मोटर. वीज नसेल तिथे छोटे पेट्रोल इंजिन.

खरी गोम पुलीत आहे. ड्रम मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास फिरावा. मोटर १४४० फेऱ्यांची आणि तिची पुली ३ इंची असेल, तर ड्रमला ११ इंची पुली लागते. हाताला आली म्हणून ६ इंची बसवली की वेग ७०० च्या वर जातो : दाणा फुटतो, लोंब्या तुटून राशीत पडतात, बियाण्याची उगवण घटते. वेग कमी पडला तर लोंबीच्या बुडातले उशिरा पिकणारे दाणे तसेच राहतात.

कापणीला दाण्यात २० ते २४ टक्के ओलावा असतो. साठवणीला तो १४ वर, बियाण्याला १२ वर आणावा लागतो. परतीच्या पावसात भिजलेले भारे रचून ठेवले की आतून तापतात, दाणा पिवळा पडतो. म्हणून यंत्र तासाला किती क्विंटल मळते यापेक्षा ते त्याच दिवशी बांधावर येते का, हे आम्ही आधी बघतो. दोघांना उचलता येईल एवढेच त्याचे वजन असावे.

अनुदान देताना कड्या, बेअरिंग, पट्टा हे सुटे भागही धरावेत. खाऱ्या चिखलात कड्या आधी गंजतात. पट्ट्यावर पत्र्याचे झाकण नसेल तर यंत्र मंजूरच करू नये. भारा आत सारायची मोठी यंत्रे घेतलीच, तर आयएस ९०२० या मळणीयंत्रांच्या सुरक्षेच्या भारतीय मानकाप्रमाणे घास घालायची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ झाकलेली हवी. ही तपासणी विभागीय कृषी कार्यालयांनी चतुर्थीपूर्वी उरकावी, कारण कापणी सुरू झाल्यावर पुली बदलायला कोणाला सवड नसते.

आपले,
खाजन व मरड (उंचावरच्या) शेतीतील भातउत्पादक