पेपर टाकायच्या आधी एक फोन कर

चि. सुप्रिया,

पोचल्यावर आईला मेसेज केलीस, मला नाही, असू दे. डब्यात चढता चढता म्हणालीस की सोमवारी पेपर टाकते पप्पा, रोज उठून कॉल सेंटरला हेडफोन लावायचं मोटिव्हेशनच येत नाही, आणि तेवढ्यात गाडी हलली. आता राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या मागं पळत पळत मी काय सांगणार होतो?

फोनवर बोलायचं तर आई कान देऊन बसते आणि माझा आवाज तुला माहीत आहे, शॉप फ्लोअरवरची सवय, अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून टाईप करूलालो. राजीनाम्यावर मी काही बोलणार नाही, तो तुझा निर्णय. फक्त एवढंच की दुसरं हातात नसताना टाकू नकोस. झालं, बोललो, आता परत नाही.

मला एक कळलं नाही, तुला नेमकं नकोय काय? काम नकोय, की ती टीम लीडर नकोय, की नाईट शिफ्ट, की बेंगळूरच? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे गं. शिफ्ट नको असेल तर बदलून माग, मेल करून माग, तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. टीम लीडर नको असेल तर त्याच कंपनीत दुसऱ्या प्रोसेसला जाता येतं म्हणे, पम्मीची जाऊ तशीच गेली की. आणि कामच नको असेल तर शोध दुसरं, कोण नको म्हणतंय, खरं पगार चालू असताना शोध. रिकाम्या हातानं इंटरव्ह्यूला बसलं की समोरच्याला लगेच कळतं आणि तो पगार पाडून बोलतो. बघ, आलो परत तिथंच.

मला बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्रीत पहिलं काम मिळालं ते फेटलिंगचं, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. कास्टिंग साच्यातून बाहेर येतं तेव्हा त्याला जळकी वाळू चिकटलेली असते, कडेला पत्र्यासारखे धारदार पापुद्रे असतात, ते ग्राइंडर लावून काढायचे. दिवसभर तेच. ठिणग्या, धूळ, घरी येऊन नाक शिंकरलं की काळं. सकाळी रेल्वेच्या तिसऱ्या गेटाजवळ आलो की सायकल मागं वळवावी वाटायचं आणि गेट पडलेलं असलं तर बरं वाटायचं, तेवढीच पाच मिनिटं. मन लागलंय म्हणून कधी कामावर गेलो नाही बाळ. पहिली ट्रॉली रिकामी होईपर्यंत जीव नको व्हायचा, त्यानंतर हात आपोआप चालायचे.

तिथं एक म्हातारा मेस्त्री होता. तो कास्टिंग साखळीला टांगून हातोडीनं हळूच वाजवायचा. पीस चांगला असला की आवाज खणखणीत निघतो आणि लांबतो, आत चीर असली की बद्द वाजतं आणि तिथंच मरतं. मी पण चाळा म्हणून वाजवायला लागलो. आधी कान बसेना, सगळे सारखेच वाटायचे, मग हळूहळू फरक कळायला लागला आणि खोटं नाही सांगत, दुपार कधी व्हायची कळायचं नाही. चिरलेले पीस हा आधीच बाजूला काढतोय हे पुढं सुपरवायझरच्या लक्षात आलं आणि मला इन्स्पेक्शनला घेतलं. आवड म्हणशील तर शेवटपर्यंत लागली नाही, फक्त कान लागला. ते फोनवर व्हिडिओ येतात ना, आवडेल तेच काम करा म्हणणारे, टाय लावलेले, त्यांचा मला राग येतो. वडगावात खासबागात ज्यांच्या घरी माग होता तिथं कुणाला कुणी विचारलं होतं काय आवडतंय म्हणून?

तुझा आज्जा मागावर बसायचा तेव्हा मी कांड्या भरून द्यायचो. साडीचं अंग विणताना तो तोंडातून शब्द काढायचा नाही, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, कंटाळलेला चेहरा. पदर आला की अभंग सुरू, चहा मागायचा, मला जवळ बोलवून दाखवायचा. तुझ्या कामात असा पदर कुठं येतो काय ते बघ की. दिवसात अर्धा तास आला तरी पुष्कळ.

मला तर दिसतोय तो. दिवाळीला तू अथणीच्या म्हाताऱ्याचा कॉल सांगितलास, पैसे कटले म्हणून रडूलालता आणि तू बेंगळूरचं कन्नड सोडून आपल्याकडच्या कन्नडात बोललीस, तर "नम्म कडेदाकी", आपल्याकडचीच पोरगी, म्हणून आशीर्वाद देऊ लागला. ते मी भजनाला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सुरुवात केली तर काका म्हणाले ऐकलंय. शिकलीस मराठी शाळेत आणि तुझा आज्जा बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून दर 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या फेरीत जायचा, आणि नात कन्नड बोलून पगार घेते, तो काय म्हणाला असता काय की. मला वाटतं गप्प बसला असता आणि बाहेर जाऊन चार जणांना सांगितला असता.

लेक्चर झालं ना. माफ कर, थांबतो.

आता उलट पण सांगतो, नाहीतर तुला वाटेल पप्पा नुसतं सहन कर म्हणूलालेत. तसं नाही. माझा खोकला तू ऐकलीस यावेळी, डॉक्टर म्हणाले धूळ, अजून एक फोटो काढायला सांगितलंय, घाबरायचं काही नाही. एवढी वर्षं चिकटून राहिलो आणि पेन्शन किती बसली ते तुला माहीत आहे, 2014 ला सरकारनं कमीत कमी 1000 केलं, त्याच्याजवळपासच आपण. म्हणून चिकटून पण राहू नकोस. झोप लागेना, जेवण जाईना असं असेल तर पगार, टीम लीडर सगळं गेलं खड्ड्यात, पहिल्या गाडीनं ये, वरची खोली रिकामीच आहे. यावेळी तू अर्धी भाकरी खाल्लीस, आईनं नाही बघितलं, मी बघितलं. म्हणून खरं झोप येईना मला.

खरं झोप लागत असेल, जेवत असशील, नुसता कंटाळाच असेल, तर दुसरं हातात घेऊनच टाक. आणि सोमवारी रागाच्या भरात टाकलाच असशील तर टाकलास, मी ओरडणार नाही, खरं फोन कर. मिस कॉल दे, मी गच्चीवर जाऊन लावतो.

तुझे पप्पा

ता.क. कुंदा आणि बासमतीची पिशवी बंड्याच्या मित्राबरोबर पाठवतोय, तांदूळ जुना आहे, पाणी जरा जास्त घाल. आणि पीएफ काढून खर्च करू नकोस, तुझ्या बेसिकचे बारा टक्के आणि कंपनीचे पण तेवढेच जातात, नोकरी बदलली तर पैसे ट्रान्सफर करून घे, यूएएन म्हणजे पीएफचा नंबर तोच राहतो. दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन बसत नाही. आईला यातलं काही बोलू नकोस, तिला वाटतंय तू नुसती सुट्टीला आलतीस.